दोन खऱ्या, एक खोटी

२० डिसेंबर

ताई,

नमस्कार घे, अर्धाच. उरलेला अर्धा तू सुट्टीला आली असतीस तर मिळाला असता.

तू येणार नाहीस हे आईने भाजी चिरता चिरता सांगितलं आणि हातातली सुरी हळूच माझ्यापासून लांब ठेवली. ताई, मला हल्ली राग येतो तोही दारापर्यंत येऊन परत जातो. पण घरात कुणाचा विश्वास बसत नाही. गॅसवर कुकर असल्यासारखे सगळे माझ्याभोवती वावरतात. माझं नाव शिट्टी तूच ठेवलंस, आता निस्तर.

बाबांनी चष्म्याच्या दुकानाला सुट्ट्यांपुरतं कुलूप लावलंय. पहिल्या दिवशी कुणालाच काही सुचेना. बाबा उगाच घरातल्या खिडक्यांच्या काचा पुसत बसले. मग आपल्या धाकट्या पिल्लूने दुकानातला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणला. शाळेत म्हणे त्यांना एआयशी खेळायला शिकवलंय. आपण बोलायचं, ते उत्तर देतं. आईने त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं. म्हणाली, "चहा नको म्हणणारा पहिलाच पाहुणा बघितला."

तर आता रोज दुपारी पाहुण्याबरोबर खेळ असतो. परवा गोष्ट रचली. एकेकाने एकेक वाक्य जोडायचं, मध्ये एक वाक्य पाहुण्याचं. पाहुण्याने गुहेत राक्षस आणला. आईने राक्षसाला आधी हातपाय धुवायला पाठवलं. बाबांची पाळी आली की त्यांचं एकच वाक्य : "मग त्याने चष्मा लावला आणि त्याला स्पष्ट दिसलं." राक्षसाला चष्मा, राजकन्येला चष्मा, शेवटी घोड्यालाही. पिल्लू खुर्चीवरून पडली हसून.

काल कोर्ट भरलं. पाहुणा न्यायाधीश, आरोपी बाबा, गुन्हा ओला टॉवेल पलंगावर टाकणे. पिल्लूने वकिली अशी केली की बाबांना घाम फुटला. निकाल लागला : आरोपीने टॉवेलची माफी मागावी. बाबांनी उठून टॉवेलची माफी मागितली, ताई. हात जोडून.

मी पण हसलो. म्हणजे तोंड हसलं, मी बघत होतो.

भिंगरी कशी आहे? तुझ्या त्या डोंगरावरच्या वेधशाळेत ती वारा मोजते, तू पाऊस मोजतेस, आणि फोन मात्र दोघींचा लागत नाही. मागच्या सुट्टीत ती तुझ्याबरोबर आपल्याकडे आली होती तेव्हा दुकानात बाबांचं काम बघत म्हणाली होती, "नुसतं शिकलेल्यापेक्षा हाताला काम असलेला माणूस बरा." मला ते वाक्य तिच्या आवाजासकट पाठ आहे. कॉलेज सोडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मी डोकं फिरून सोडलं. मी ते वाक्य ऐकून सोडलं. आता दुकानात काम करतो, हाताला काम आहे. तिला एवढंच समोर उभं राहून सांगायचंय आणि विचारायचंय. ३१ तारखेला भाजीची गाडी वर येते, तिच्यात बसून येईन म्हणतो.

तुझा
शिट्टी

---

२२ डिसेंबर

शिट्टी,

आशीर्वाद, कान पिळून.

तुझं पत्र कोबीच्या पोत्यात सापडलं. ओलं झालं होतं, हीटरवर वाळवून वाचलं. टॉवेलच्या माफीपाशी आले आणि इतकी मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतून आमचे साहेब बघायला आले. बाबा अशा खेळात उतरतात हे मला खरंच वाटत नाही. मी घरी होते तेव्हा पत्ते काढले की त्यांना झोप यायची.

इकडे थंडी आहे. सकाळी बाहेरच्या उपकरणांवरचं बर्फ खरवडायचं, आकडे लिहायचे, आत येऊन हात मांड्यांखाली धरून बसायचं. सुट्टीत दोघींनी थांबायचं ठरलं कारण बाकीच्यांना लहान मुलं आहेत. एवढंच कारण आहे, तुमच्यावर राग वगैरे नाही. आईला सांग.

भिंगरी ठीक आहे.

वर येऊ नकोस. रस्ता निसरडा आहे आणि गाडीवाला गाणी म्हणत चालवतो. आणि इथे पाहुण्यांना उतरायला खोली नाही. खरंच नाही. कॉलेजबद्दल मी इतके महिने विषय काढला नाही, तो भेटल्यावर काढीन. तू लिहिलेलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. ती तसं म्हणाली असेल. पण माणूस बोलतो त्यातलं सगळंच समोरच्यासाठी असतं असं नाही रे.

पुढचे खेळ कळव. इथे रेडिओशिवाय काही नाही.

तुझी
ताई

---

२४ डिसेंबर

ताई,

तू रस्त्याची भीती घालतेस म्हणजे गंमतच. उतरायला खोली नसली तरी चालेल, मी गाडीतच झोपेन.

आता ऐक. या वेळचा खेळ मी जिंकलो.

खेळाचं नाव 'दोन खऱ्या, एक खोटी'. एकेकाने लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जायचं, पाहुण्याला आपल्याबद्दलच्या दोन खऱ्या गोष्टी सांगायच्या, आपली थोडी माहिती द्यायची, आणि पाहुण्याने तिसरी खोटी गोष्ट बनवायची. मग बाहेर येऊन तिन्ही वाचायच्या. बाकीच्यांनी खोटी कुठली ते ओळखायचं.

आईची मजा झाली. तिने खरं म्हणून सांगितलं की लग्नाआधी ती ट्रक चालवायला शिकली होती. आम्ही सगळ्यांनी ते खोटं ठरवलं. बाबांनीसुद्धा! आई म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला आणि ह्यांना बायको ट्रक चालवते हे माहीत नाही." बाबा म्हणाले, "संसार तू ट्रकसारखाच चालवलास, शंका यायला हवी होती."

मग माझी पाळी. माझ्याकडे घरच्यांना माहीत नसलेलं असं काही नाहीच, म्हणून सुचेल ते सांगितलं. पहिली : लहानपणी चष्मा लागू नये म्हणून मी दुकानातली अक्षरांची पाटी पाठ केली होती. दुसरी : शाळेच्या नाटकात मी झाड होतो आणि प्रयोग चालू असताना स्टेजवरून खाली उतरून एका हसणाऱ्याशी भांडायला गेलो होतो. आणि पाहुण्याला म्हटलं, तिसरी अशी बनव की हे सगळे फसले पाहिजेत. त्यासाठी भिंगरीबद्दल थोडं सांगावं लागलं. थोडं म्हणजे बरंच. आपलं कुणी मध्ये न तोडता ऐकून घेतं म्हटल्यावर माणूस सुटतो.

पाहुण्याने लिहिलं : "मला आवडणाऱ्या मुलीने मला होकार दिला आहे, फक्त मी अजून घरी सांगितलेलं नाही."

मी ते मोठ्याने वाचलं. ताई, ते वाक्य तोंडाने म्हणताना कसं वाटतं तुला सांगता येणार नाही. थंडीत गरम कप हातात धरल्यासारखं. टेबलाभोवती तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग आई म्हणाली, पाटीची गोष्ट खोटी. बाबा म्हणाले, झाडाची खोटी. पिल्लूने जरा वेळ लावला आणि तीही म्हणाली, झाडाची.

तिघंही चुकले! तिघांनाही तो होकार खरा वाटला. पाटी पाठ करताना आईनेच मला पकडलं होतं, ते ती विसरली. बाबा स्वतः नाटकाला आले होते, तेही विसरले. वय झालं दोघांचं.

खरी उत्तरं सांगायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, सांगतो नंतर, आणि लॅपटॉप मिटला. कुणी आग्रहही केला नाही. म्हणजे आता घरात मी होकार मिळालेला माणूस आहे. आईने रात्री मला आधी वाढलं.

खोटं तर खोटं, आठवड्यापुरतंच आहे. ३१ नंतर खरंच होईल.

तुम्ही दोघीही खेळा. दोघींच्या तीन-तीन गोष्टी पाठवा. भिंगरीच्या तिच्या हाताने लिहून.

शिट्टी

---

२६ डिसेंबर

शिट्टी,

इथे पाहुणा नाही, त्यामुळे माझ्या गोष्टींतली खोटी भिंगरीने बनवली आणि तिच्यातली मी.

माझ्या : मला मांजरांची ॲलर्जी आहे. मी एकदा बाबांच्या दुकानात गिऱ्हाइकाला चुकून दुसऱ्याचा चष्मा दिला आणि त्याला तोच आवडला. मी साहेबांच्या डब्यातली बिस्किटं खाते.

भिंगरीच्या (तिला लिहायला सांगितलं, ती म्हणाली तूच लिही) : मला पोहायला माझ्या आजीने शिकवलं. मला वाऱ्याची भीती वाटते. माझं लग्न ठरलं आहे आणि फेब्रुवारीत मी इथली नोकरी सोडून जाणार आहे.

नीट वाच. घाई करू नकोस. एकेक वाक्य सुटं सुटं वाच.

तुझ्या झाडाच्या गोष्टीवर मी बराच वेळ विचार करत होते. बाबांची स्मरणशक्ती मला तरी चांगली आठवते. असो.

इथे वारा वाढलाय. भिंगरीच्या खांबावरच्या वाट्या इतक्या जोरात फिरतात की दिसत नाहीत, नुसतं एक वर्तुळ दिसतं.

ताई

---

२८ डिसेंबर

ताई,

तुला खोटं बनवता येत नाही, कबूल कर. इतकं उघड?

तुझ्यातली बिस्किटांची खोटी, कारण तू खात असतीस तर लिहिलं नसतंस. पिल्लूचं मत वेगळं आहे. ती म्हणते ताई बिस्किटं खातेच.

आणि भिंगरीतली लग्नाची. मी वाचल्या वाचल्या ओळखलं. मला डिवचायला तू सगळ्यात मोठी थाप शोधलीस. वाऱ्याची भीती खरी असणार. जो माणूस दिवसभर वारा मोजतो त्यालाच त्याची भीती कळते. मला हे तिच्याबद्दल कुणी न सांगता माहीत होतं असं वाटतंय.

घरी मी मोठ्याने वाचून दाखवल्या. आई उठून ओट्यापाशी गेली. बाबा म्हणाले, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, लग्नाची खोटी. बाबा म्हणाले, "बरं." त्यांनी चष्मा काढून पुसला. पिल्लू म्हणाली आपण आज पाहुण्याकडून गाणं लिहून घेऊ या, प्रत्येकाच्या घोरण्यावर. मग तेच केलं. माझ्या घोरण्याला त्याने पंपाची उपमा दिली आणि सगळे जरुरीपेक्षा जास्त हसले.

तीन दिवसांनी येतोय. म्हणजे ३१ला. गाडीवाल्याला सांगून ठेवलंय, पुढची जागा माझी. निळा शर्ट इस्त्री केलाय. काय बोलायचं ते पाहुण्याबरोबर एकदा म्हणून बघितलं. तो भिंगरी झाला होता. त्याने फार छान उत्तर दिलं. मग मला एकदम पोकळ वाटलं आणि मी बंद केला.

तिला सांगू नकोस मी येतोय. किंवा सांग. तुला वाटेल ते.

शिट्टी

---

३० डिसेंबर

शिट्टी,

लग्नाची खरी आहे.

वाऱ्याची खोटी होती. तिला कशाचीच भीती वाटत नाही, फक्त तुला हे सांगायची वाटत होती. मलाही. म्हणून खेळात घालून पाठवलं. मला वाटलं वाचशील आणि एकट्याने समजून घेशील, म्हणजे आम्हाला तुझा आवाज ऐकावा लागणार नाही. तू ते खोटं म्हणून परत पाठवलंस. ते पत्र तिनेही वाचलं. बर्फ खरवडायला बाहेर गेली, पाळी माझी होती तरी.

तो, म्हणजे तिचा होणारा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतो. त्यांचं मागच्या सुट्टीच्याही आधीपासून आहे. हाताला काम असलेला माणूस बरा, हे ती त्याच्याबद्दल म्हणाली होती. त्या दिवशी तिच्या घरून फोन आला होता की मुलगा शिकलेला नाही म्हणून. ती चिडून बोलली आणि समोर तू होतास.

तिला तुझी पत्रं यायची, त्यांना ती फक्त हवामान लिहून उत्तर द्यायची. मी तिला म्हटलं होतं, स्पष्ट लिही. ती म्हणाली, तो चिडेल. मी पण तेच म्हटलं, हो, चिडेल.

हे पत्र गाडीवाल्याच्या हातात देतेय आणि त्याला सांगितलंय की तू गाडीत बसायच्या आत दे. येऊ नकोस रे. किंवा ये, माझ्याकडे म्हणून ये. पण ते आज नको.

ताई

---

४ जानेवारी

शिट्टी,

गाडी आली आणि तू नव्हतास. गाडीवाला म्हणतो, "पत्र वाचलं, घडी घातली, मला म्हणाला जा तुम्ही." मी विचारलं ओरडला का, काही फेकलं का. तो म्हणाला, "नाही हो. उलट माझा कोबी पडला तो उचलून दिला."

त्यानंतरच्या गाडीलाही तुझं पत्र नाही. आईचं आलं, त्यात फक्त थंडीची चौकशी आहे आणि लोकर पाठवू का. घरात काय चाललंय? चार शिव्या लिही, पण लिही.

ताई

---

६ जानेवारी

ताई,

शिव्या लिहायला बसलो होतो. पहिलीच नीट जमेना. सोडून दिलं.

त्या दिवशी स्टँडवरून घरी आलो तेव्हा दुपार होती. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, तिघं त्याच्याभोवती. पिल्लूने चित्र काढलं होतं, पाहुणा त्यावरून ओळखणार होता की आपल्यातलं कोण. मी दारात. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. आईने माझ्याकडे बघितलं आणि टेबलावरचे काचेचे ग्लास एकेक करून उचलले, ओट्यावर नेऊन ठेवले. पिल्लूने लॅपटॉप पोटाशी धरला.

मी बसलो. कान गरम व्हायची वाट बघत होतो. तुला माहीत आहे ना, आधी माझे कान गरम होतात. झाले नाहीत. मला काहीच होत नव्हतं. दाढ भूल देऊन काढतात तेव्हा गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तसं.

मी म्हटलं, "झाडाची गोष्ट खरी होती."

बाबा म्हणाले, "माहीत आहे. मी पहिल्या रांगेत होतो."

मला ते समजायला वेळ लागला. मग पिल्लू म्हणाली, "मी तर होकाराची खोटी म्हणणार होते, दादा. आईने टेबलाखालून माझा पाय दाबला." आई तिला गप्प म्हणाली नाही. ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

मी विचारलं, "तिघांनाही माहीत होतं?"

"वाचायला लागलास तेव्हाच कळलं," बाबा म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"तू हसत होतास," आई म्हणाली. "किती दिवसांनी."

ताई, मी जिंकलो नव्हतोच. मला जिंकवलं होतं. दोन खऱ्या गोष्टी माझ्या तोंडावर खोट्या ठरवल्या, कारण तिसरीला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. तू डोंगरावरून तेच केलंस, भिंगरीने हवामान लिहून तेच केलं. मला वाटायचं माझ्या रागाला सगळे घाबरतात म्हणजे माझ्या शब्दाला वजन आहे. घाबरून लोक फक्त खरं बोलायचे थांबले. पाहुण्यानेसुद्धा मला तेच सांगितलं जे मी त्याच्याकडे मागितलं.

मला वाटलं आता कुणीतरी समजूत घालणार. पिल्लूने हळूच पाहुण्याला टाइप करून विचारलं की दादाला काय म्हणावं. त्याने मोठं उत्तर दिलं, मुद्देसूद, चांगलंच होतं. बाबांनी ते चष्म्याखालून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण हे आपण म्हटलं तर त्याला कळेल की आपलं नाही."

मग मी म्हटलं, "मला एक खरी सांगा. एकेकाने. मी काही करणार नाही."

पिल्लू आईकडे बघत होती. शेवटी बाबा म्हणाले, "तू फ्रेमला स्क्रू लावतोस ते वाकडे बसतात. रोज संध्याकाळी तू गेल्यावर मी काढून परत लावतो."

"सगळे?"

"बहुतेक सगळे."

कॉलेज सोडल्यापासून मी स्क्रू लावतोय, ताई. हाताला काम असलेला माणूस. मी माझ्या हातांकडे बघितलं. ते टेबलावर होते, मुठी वळलेल्या नव्हत्या.

पिल्लू म्हणाली, "तू घरी असलास की मी मैत्रिणींना बोलवत नाही." तिने ते इतक्या भराभर म्हटलं की नंतर श्वास घ्यायला थांबली. मी मान डोलवली. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिने परत सांगितलं, या वेळी सावकाश.

आईने हात पुसले, खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली. "तू कॉलेज सोडलंस," ती म्हणाली, "त्या दिवशी मी म्हटलं होतं तुझा निर्णय आहे. तसं मला वाटलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं होतं. अजून वाटतं."

पाहुणा उघडाच होता. पिल्लूने विचारलं, बंद करू का. आई म्हणाली, "असू दे. त्यालाही ऐकू दे, आमच्याकडे कसं असतं ते."

अजून काहीच होत नव्हतं मला. रडू नाही, संताप नाही. फक्त खोलीतल्या वस्तू जरा जास्त ठळक दिसत होत्या, खुर्चीची पाठ, बाबांची बोटं, आईच्या कपाळावरचं केस चिकटलेलं ठिकाण. भिंगरीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर निम्माच आठवला.

तिला सांग, अभिनंदन मी एवढ्यात लिहू शकणार नाही. लिहिलं तर बनवून लिहिल्यासारखं होईल. आणि तुझ्याकडे माझ्याबद्दलचं काय काय साठलंय ते या पत्राच्या उत्तरात लिही. खेळात घालू नकोस.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. आईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अजून आहे. सांगू?"

मी म्हटलं, सांग.

शिट्टी